न वाचलेला स्पंज

मी खोटं बोललो तेव्हा दवाखान्यात तीन गिऱ्हाइकं बसली होती, चौथं दारात चप्पल काढत होतं आणि फोनवर आत्ती होती. एवढ्या गडबडीत तोंडून निघालेलं काही मनापासूनचं नसतं, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला समजावत राहिलो. खरं सांगायचं तर मला चाळीस मिनिटं वाचवायची होती. त्यापलीकडे कसलंही कारण नव्हतं.

माझं नाव श्रेणिक मगदूम. सांगलीत, विश्रामबागेत माझा माशांचा दवाखाना आहे. खायच्या नव्हे, बघायच्या माशांचा. घरच्या काचेच्या टाकीतला मासा आजारी पडला की लोक माझ्याकडे येतात. पिशवीत पाणी, पाण्यात मासा आणि चेहऱ्यावर ‘मी काही केलं नाही’ असा भाव. आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, जिनमती. माझी आई मी चार वर्षांचा असताना गेली आणि वडिलांची नोकरी फिरतीची. मला आत्तीनंच वाढवलं. तिनं लग्न केलं नाही, अडतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. आता शहात्तर वर्षांची आहे आणि अजून अख्खी गल्ली तिला मगदूम बाई म्हणते.

आत्तीची आठवण म्हणजे गल्लीची सार्वजनिक मालमत्ता होती. कुणाचं श्राद्ध असो, बारसं असो, पंचांग उघडायच्या आधी आमच्या घरी फोन यायचा. “बाई, आज तिथी काय हो?” आत्ती पोळी लाटता लाटता तिथी सांगायची, वर वार सांगायची आणि विचारणाऱ्याच्या मुलाची जन्मतारीखही सांगून टाकायची. चाळीस वर्षांपूर्वीच्या वर्गाची हजेरी तिला नंबरवार पाठ होती. तिला याचा गर्व होता. तसा तिला दुसऱ्या कशाचाच नव्हता.

आमचं घर जैन. पाणी गाळून प्यायचं, आणि गाळताना फडक्यावर जे सूक्ष्म जीव अडकतात तेही झटकून द्यायचे नाहीत. जिथलं पाणी तिथं हलक्या हातानं परत सोडायचे. त्याला आत्ती जिवाणी म्हणते. मी माशांचा दवाखाना काढतोय म्हटल्यावर ती आठ दिवस माझ्याशी धड बोलली नव्हती. “जिवंत प्राणी काचेत डांबायचे आणि वर त्यावर पोट भरायचं?” मग एकदा येऊन बघून गेली. औषधाच्या टबात पडलेले मासे बघितले आणि म्हणाली, “हे पांजरपोळच आहे की रे. मग असू दे.” त्याच वर्षी कुणीतरी एक केशरी गोल्डफिश माझ्याकडे सोडून गेलं ते परत न्यायला आलंच नाही. डोक्यावर गाठोडं असावं तशी वाढलेली कातडी, गाल फुगलेले. आत्तीनं तो घरी आणला आणि त्याचं नाव ठेवलं हेडमास्तर. शाळेतल्या कुठल्या हेडमास्तरावरून, ते तिनं अजून सांगितलेलं नाही.

आता थोडं स्पंजाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यापाशी येऊन थांबतं.

टाकीत माशाला खरं सांभाळतो तो फिल्टरमधला स्पंज. माशाच्या घाणीतून, श्वासातून पाण्यात अमोनिया साठत जातो, आणि अमोनिया म्हणजे माशाचे कल्ले जाळणारं विष. स्पंजाच्या भोकाभोकांत राहणारे काही जीवाणू तो खातात. त्याचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. ते फारसं बाधत नाही. असा मुरलेला स्पंज काळपट आणि बुळबुळीत दिसतो. नव्या माणसाला त्याची किळस येते, तो नळाखाली चोळचोळून पांढरा करतो. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं जीवाणू मरतात आणि चार दिवसांत चकचकीत टाकीत मासा तडफडायला लागतो. माझ्याकडच्या दहा आजारांतले सात स्वच्छतेच्या हौसेनं झालेले असतात.

पूर्वी नक्की काय झालं हे लोकांना विचारावं लागायचं, आणि लोक खरं सांगत नसत. मग नोंद ठेवणारे जीवाणू आले. जीवाणूंना एक प्रकारची आठवण असते हे शास्त्रज्ञांना आधीच ठाऊक होतं. विषाणूचा हल्ला झाला आणि जीवाणू त्यातून वाचला, तर तो त्या विषाणूच्या जनुकाचा एक तुकडा कापून आपल्या डीएनएमध्ये ठरावीक जागी खोवून ठेवतो. पुढच्या हल्ल्याचा तुकडा त्याच्या शेजारी, त्याच्या पुढचा त्याच्या शेजारी. ही सोय शास्त्रज्ञांनी जरा वळवून घेतली. पाण्यात क्लोरीन आलं की एक तुकडा, साबण आला की दुसरा, प्रतिजैविक आलं की तिसरा. शिवाय रोज सकाळी टाकीतला दिवा लागला की दिवसाच्या खुणेचा एक कोरा तुकडा. हे जीवाणू मुद्दाम चिवट जातीतले निवडलेले, सहजी मरत नाहीत, आणि दुभंगताना आपली साखळी पुढच्या पिढीला देऊन जातात. आता बाजारातल्या प्रत्येक स्पंजात ते असतातच. चिमूटभर स्पंज यंत्रात घातला की चाळीस मिनिटांत दोन महिन्यांची हकीगत रंगीत पट्ट्यांच्या ओळीत कागदावर उतरते. ती ओळ वाचायला शिकावी लागते. आमच्या भागात ती वाचणारा मी एकटाच.

या वाचनानं मासे किती वाचले सांगता येईल, पण घरं किती भांडली ते सांगता येणार नाही. सावर्डेकर नावाचे एक गृहस्थ बायकोला घेऊन आले होते. “हिनंच धुतला असणार स्पंज. विचारलं तर नाही म्हणते.” बाई मागं उभी होती. मी वाचलं. गुरुवारी साबण.

“गुरुवारी मी मिरजेला माहेरी होते,” बाई पहिल्यांदा बोलली.

सावर्डेकर छताकडे बघायला लागले. मग हळूच म्हणाले, “जरा वास येत होता म्हणून… थोडाच लावला हो.”

“सावर्डेकर,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “माणूस विसरतो. यंत्र विसरत नाही.” बसलेली माणसं हसली, बाई तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मला ते फार आवडलं. न्यायाधीश झाल्यासारखं वाटायचं मला त्या दिवसांत, आणि ते वाटणं मी मिटक्या मारत खाल्लं.

मी खोटं बोललो त्या सोमवारी सकाळी हेडमास्तर पाण्याच्या वर येऊन तोंड उघडझाप करत होता. परांवर लाल रेषा उठल्या होत्या. अमोनियानं भाजलेला मासा; हे कळायला यंत्र लागत नाही. मी स्पंजाचा तुकडा कागदी पिशवीत घालून दवाखान्यात नेला आणि गर्दी बघून फ्रीजमध्ये ठेवून दिला. साडेदहाला आत्तीचा फोन.

“श्रेणू, हेडमास्तर आणखी वर आलाय रे.”

“आत्ती, तू टाकीत ताजं पाणी घातलंस ना?”

हे मी का विचारलं ते सांगतो. आमच्या घरात काल भरलेलं पाणी आज शिळं. रोज सकाळी आत्ती कळशी, हंडा, माठ सगळं रिकामं करून झाडांना घालणार आणि ताजं गाळून भरणार. माशाचं नेमकं उलटं. नळाचं पाणी एक दिवस बादलीत उघडं ठेवायचं, त्यातलं क्लोरीन उडू द्यायचं, मग ते टाकीत. आत्तीला हे पटवायला मला महिना लागला होता. शेवटी तिनं एक बादली वेगळी काढली आणि तिच्यावर खडूनं लिहिलं, ‘शिळे – हेडमास्तर’. शाळेतल्यासारख्या वळणदार अक्षरात. पण सत्तर वर्षांची सवय आहे, एखाद्या सकाळी हात चालला असेल, असं मी धरून चाललो होतो.

“ताजं कशाला घालीन?” आत्ती म्हणाली. “त्याला शिळंच लागतं.”

“मग स्पंज धुतला असशील.”

“ज्यात जीव आहेत म्हणतोस तो मी नळाखाली धरीन होय रे?”

फडक्यावरचे जीवसुद्धा सांभाळून परत सोडणारी बाई ती. या उत्तरावर माझं तोंड बंद व्हायला हवं होतं. पण समोरची माणसं घड्याळ बघत होती, आणि मला माझं बरोबर असल्याची खात्री होती.

“आत्ती, मी स्पंज वाचलाय. क्लोरीन आहे, शनिवारचं. टाकीला तुझ्याशिवाय कोण हात लावतं?”

आत्तीनं एवढंच विचारलं.

“यंत्रात आलंय?”

“आलंय.”

“मग केलं असेल मीच,” ती म्हणाली. “माझ्या लक्षात नाही बघ.”

“असू दे, वय झालं,” म्हणून मी फोन ठेवला. ते शेवटचे शब्द मी दयाळूपणानं बोललो होतो, हे आठवलं की आजही मला स्वतःची लाज वाटते.

हेडमास्तरवर उपचार सोपे होते. निम्मं पाणी काढून शिळं पाणी घातलं, खाणं दोन दिवस बंद, हवेचा पंप वाढवला, आणि जुना स्पंज टाकून माझ्या दवाखान्यातला मुरलेला स्पंज बसवला. शिवाय मीठ. जीवाणू पुन्हा कामाला लागताना पाण्यात नायट्राइट वाढतं, ते माशाच्या रक्तात शिरून त्याला आतून गुदमरवतं. पाण्यात साधं मीठ असलं की कल्ल्यांपाशीच त्याची वाट अडते. दहा लिटरला दोन सपाट चमचे. मी आत्तीला प्रमाण सांगितलं तर तिनं ते कागदावर लिहून घेतलं. तिनं काही लिहून घेतलेलं मी जन्मात पहिल्यांदा बघितलं.

दुसऱ्या दिवशी जेवताना तिनं ताटातली मिठाची वाटी बाजूला सारली.

“काय गं?”

“नियम घेतलाय. महिनाभर मीठ सोडलंय.” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “स्पंजात लाखो असतात म्हणाला होतास ना? लाखो की कोटी?”

मी म्हणालो, आत्ती, ते जीवाणू आहेत. ती म्हणाली, म्हणजे जीवच की. नियम घ्यायला तिनं तिथी बघितली होती, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी. मुखोद्गत असून आधी कॅलेंडर बघितलं, मग प्रणोतीला विचारलं. प्रणोती म्हणजे माझी बायको.

त्यानंतर घरात एक विचित्र गोष्ट रोज दिसायला लागली. आत्ती सकाळी चमच्यानं मीठ मोजून माशाच्या पाण्यात घालायची, आणि दुपारी अळणी वरण-भात जेवायची. हेडमास्तर सुधारत होता, त्याच्या परांवरच्या रेषा फिक्या होत होत्या. आत्ती मात्र दिवसेंदिवस खचत होती. दूध तापवलं का, दाराला कडी घातली का, मी मघाशी हे बोलले का. “प्रणोती, मी आंघोळ केली ना?” एकदा ओल्या केसांनी उभी राहून तिनं हे विचारलं. फोन वाजला की ती प्रणोतीकडे बोट दाखवायची. “तू घे. तिथी विचारत असतील, माझ्याकडून चुकीची जायची.”

आठव्या दिवशी आत्ती देवळात गेली असताना प्रणोती मला म्हणाली, “एक विचारू? शनिवारी नळाला पाणीच आलं नव्हतं. पाइपचं काम होतं. ताजं पाणी आत्तींनी आणलं कुठून?”

मी म्हणालो, “तारीख एखादा दिवस मागंपुढं होते.”

“तू वाचलंस ना नक्की?”

“मग काय!” मी चिडून म्हणालो. खोटं बोलणाऱ्याला चिडायला किती पटकन जमतं, बघा.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडल्या उघडल्या शटर पुन्हा निम्मं खाली ओढलं, फ्रीजमधली पिशवी काढली आणि चिमूटभर स्पंज यंत्रात घातला. चाळीस मिनिटं बसून राहिलो. कागद बाहेर आला. दोन महिन्यांत क्लोरीनचा एकही तुकडा नव्हता. दिवसाच्या कोऱ्या खुणा एकामागून एक, शिस्तीत, आत्तीच्या शाळेतल्या मुलांसारख्या उभ्या. फक्त सोमवारच्या मागं नऊ खुणा सोडून एक जांभळी पट्टी होती. प्रतिजैविक.

आमच्या घरात प्रतिजैविक फक्त माझ्या खिशात असतं.

मग आठवलं. त्याच्या आधीच्या आठवड्यातल्या शनिवारी दुपारी जेवायला घरी आलो होतो, फोन खांद्यात धरलेला. जाता जाता हेडमास्तरच्या शेपटीला पांढरी कड दिसली. खिशातली पुडी फोडली, निम्मी टाकीत ओतली आणि बोलत बोलत पुढे गेलो. माझ्याच दवाखान्याच्या भिंतीवर माझ्याच हातचं लिहिलेलं आहे: ‘औषध टाकीत घालू नका. मासा वेगळ्या टबात घ्या. औषध तिथे द्या.’ कारण औषध रोगाच्या जीवाणूंना मारतं तसं स्पंजातल्यांनाही मारतं. हे मी दिवसातून वीसदा लोकांना सांगतो. आणि मी ते करून साफ विसरून गेलो होतो. आमच्या घरात विसरणारं माणूस एकच होतं, आणि ते मी होतो.

पुढचं सांगायला जीभ उचलत नाही, तरी सांगतो. मी तो कागद टरकावला. उरलेला तुकडा ब्लीचच्या बादलीत बुडवला, यंत्रातली नोंद पुसली आणि शटर वर केलं. घरी जाऊन सांगायचं, असं संध्याकाळपर्यंत ठरलेलं होतं. घरी गेलो तर आत्ती मला बघून उठली आणि म्हणाली, “श्रेणू, मी आज टाकीला हात लावला नाही हं. प्रणोतीला विचार.” उद्या सांगू म्हटलं. उद्याचा परवा झाला. आत्ती शांत होईल, महिना संपेल, नियम संपेल, मासा बरा झालाच आहे, मग सांगून तरी काय मिळवायचं, अशी एकेक पळवाट मी शोधत गेलो. तिला ठाऊक असलेल्या लाखो जिवांचं पाप तिनं डोक्यावर घेतलं होतं, आणि ते ज्याचं होतं तो तिच्या शेजारी बसून मीठ घातलेली आमटी भुरकत होता.

प्रणोतीनं हट्ट धरला म्हणून बाराव्या दिवशी आम्ही आत्तीला डॉक्टर रेहाना मुल्लांकडे घेऊन गेलो. त्या वृद्धांची स्मरणशक्ती तपासतात. शंभरातून सात वजा करत जा, पाच शब्द लक्षात ठेवा, घड्याळ काढा, असलं सगळं. आत्तीचं एकही उत्तर चुकलं नाही. पण प्रत्येक उत्तराआधी ती माझ्याकडे बघायची. मी मान हलवली की मग बोलायची.

डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. “आठवण ठणठणीत आहे. माझ्यापेक्षा बरी आहे. गेलाय तो भरवसा. हे असं आपोआप होत नाही. काही घडलंय का घरात?”

समोर पेपरवेटखाली कागद फडफडत होते. मी ते बघत बसलो.

“तसं काही नाही,” मी म्हणालो.

“खाणंपिणं?”

“व्यवस्थित आहे.” मिठाचं मी सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर ‘का’ विचारलं असतं.

सतराव्या दिवशी दुपारी प्रणोतीचा फोन आला. आत्ती गॅलरीत उभी राहून म्हणत होती, घंटा का झाली नाही अजून, मुलं उन्हात ताटकळलीत. मग बसली ती उठेना. हॉस्पिटलमध्ये रक्त तपासलं. सोडियम फार खाली गेलेलं. डॉक्टर मुल्ला आल्या आणि माझ्यावर ओरडल्याच. “रक्तदाबाची गोळी लघवीतून मीठ बाहेर काढते, आणि तुम्ही वरून मीठ बंद केलंत? या वयात? मेंदूच्या पेशी फुगतात हो यानं. माणूस भ्रमिष्ट होतं. आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर झटके आले असते. बारा दिवसांचा नियम चालू होता आणि तुम्ही माझ्यासमोर बसून व्यवस्थित आहे म्हणालात?”

म्हणजे मी आधी आत्तीला खोटंच सांगितलं की तू विसरायला लागलीस. आणि मग त्याच खोट्यानं तिला खरोखर विसरायला लावलं. हॉस्पिटलच्या जिन्यात मी प्रणोतीला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही, रडली नाही. “आत्तींना सांग,” एवढंच म्हणाली, आणि माझा हात धरला होता तो सोडला.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी आत्ती उशीला टेकून बसली होती. सलाइन काढलं होतं. डोळे स्वच्छ झाले होते. मी खुर्ची जवळ ओढली.

“आत्ती, तू टाकीत ताजं पाणी घातलं नव्हतंस. तू काहीच केलं नव्हतंस. औषध मी घातलं होतं आणि विसरून गेलो. त्या दिवशी मी स्पंज वाचलाच नव्हता. खोटं बोललो तुझ्याशी.”

“डॉक्टरीणबाईंनी सांगितलं असं म्हणायला?”

“कुणी नाही. खरं आहे.”

“मी मीठ खावं म्हणून म्हणतोस.” ती हसली. “लहानपणीही खोटं बोलताना असंच नाक ओढायचास.”

मी रडायला लागलो होतो, म्हणून नाक ओढत होतो. पण ते तिला कसं पटवणार?

“मग कागद दाखव,” ती म्हणाली. गृहपाठाची वही मागावी तशी, शांतपणे.

“फाडला.”

“स्पंज?”

“ब्लीचमध्ये बुडवला. जुना टाकून दिलाय.”

“बघ,” आत्ती म्हणाली. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. “कागद तू फाडशील? माझ्या श्रेणूनं असं केलं असं मी धरायचं? अरे, माझ्यासाठी खोटं बोलू नको. त्याचा दोष मलाच लागेल, आणि त्याच्यासाठी मला आणखी एक महिना घालावा लागेल.”

माझ्या शब्दाशिवाय दुसरा पुरावा मी ठेवला नव्हता. आणि तिनं माझा शब्द घेतला होताच, पहिला. त्यावरच ती टिकून बसली होती. दुसऱ्यासाठी तिच्याकडे जागाच उरली नव्हती. मी आणखी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तिनं डोळे मिटून घेतले आणि ओठ हलवत णमोकार म्हणायला सुरुवात केली, तेव्हा मी थांबलो.

डॉक्टर मुल्ला दारातून मला बोलावून म्हणाल्या, “सलाइनवर किती दिवस ठेवणार? तोंडानं मीठ गेलं नाही तर चार दिवसांत पुन्हा हेच. या वेळेला मी हमी देत नाही.”

बाराला जेवणाचं ताट आलं. भात, मुगाचं वरण, एक भाकरी आणि मिठाची छोटी पुडी. आत्तीनं पुडी उचलून बाजूच्या टेबलावर ठेवली.

“आत्ती, डॉक्टर म्हणतात—”

“नियम आहे. मार्गशीर्ष शुद्ध पंचमीला घेतलाय, महिन्याचा. सलाइनमधलं मी खाल्लेलं नाही, ते त्यांनी घातलं. तोंडानं मोडणार नाही.” मग तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि हात तसाच धरून थांबली. खिडकीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. “श्रेणू, आज तिथी काय रे?”

वद्य नवमी होती. अकरा दिवस बाकी होते. भिंतीवर कॅलेंडर नव्हतं, खोलीत प्रणोती नव्हती. आणि जिला अख्खी गल्ली तिथी विचारायची ती मला विचारून, तोंडाकडे बघत थांबली होती.

“पौष शुद्ध पंचमी,” मी म्हणालो. “महिना झाला, आत्ती. नियम पूर्ण झाला तुझा.”

माझा आवाज अगदी सरळ निघाला. नाकबिक ओढलं नाही. आत्ती बोटांची पेरं मोजायला लागली, एका बोटावरून दुसऱ्यावर गेली आणि मध्येच कुठंतरी अंगठा थांबला. तिथून पुढे तिला जाता येईना.

“इतके दिवस मी इथं आहे?”

“हो.”

“लक्षातच राहिलं नाही बघ.”

तिनं हात लांब करून मिठाची पुडी घेतली, दातांनी फोडली आणि वरणावर घातली. बोटानं कालवून एक घास खाल्ला, सावकाश, डोळे मिटून; एकोणीस दिवसांनी चव आली होती जिभेला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “बरं झालं सांगितलंस. तू आहेस म्हणून बरं आहे रे.”